दारूच्या उपचारांवर रिसर्च करताय? कुठली थेरपी कशासमोर ठेवायची ते असं ठरवा

सायकिॲट्रीचे पीजी, क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल करणारे, एमएसडब्ल्यू करून पीएचडीला लागलेले, यातल्या कुणीही व्यसनमुक्तीवर रिसर्च करायचं म्हटलं की टॉपिक साधारण एकाच साच्यातला असतो, अमुक थेरपी विरुद्ध तमुक थेरपी. आणि याच दोन का असं विचारलं की उत्तर येतं, गाईडना सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) चांगली येते, किंवा आमच्या वॉर्डात हेच चालतं. सॅम्पल साईज, टेस्ट, पी व्हॅल्यू यावर महिनोन्महिने खर्च होतात आणि ज्या निर्णयावर सगळी स्टडी उभी आहे तो दहा मिनिटांत झालेला असतो.

हे मला खरंच लागतं. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की आपल्या देशात दारूचं डिपेंडन्स, म्हणजे पक्कं व्यसन, असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. तो एक माणूस तुमच्या ओपीडीत येतो, बायकोला सोबत आणतो, रोज बुडवतो, फॉर्मवर सही करतो आणि वर्षभर फॉलोअपला यायला कबूल होतो. त्याचं हे देणं वाया जाऊ नये म्हणून निवड नीट करायची.

आधी प्रश्न, मग थेरपी

एका कागदावर एकच वाक्य लिहा, स्टडी संपल्यावर मला काय सांगता यायला हवं. ते वाक्य साधारण या चारपैकी एका प्रकारचं निघतं. ही थेरपी मुळात काम करते का. ही थेरपी त्या दुसऱ्या थेरपीपेक्षा चांगली आहे का. कुठल्या पेशंटला कुठली लागू पडते. किंवा, जी थेरपी काम करते हे माहितीये ती आपल्याकडच्या माणसांकडून, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) देता येईल का. दिसायला सगळे सारखेच प्रश्न वाटतात पण प्रत्येकाला समोरचा ग्रुप वेगळा लागतो. पहिल्याला असा ग्रुप लागतो ज्याला ती थेरपी मिळत नाही, दुसऱ्याला दोन तुल्यबळ थेरपी लागतात, तिसऱ्याला तुल्यबळ शिवाय एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या लागतात आणि पेशंट तर प्रचंड लागतात, चौथ्याला सध्या जे मिळतं ते समोर ठेवावं लागतं.

वाक्य एक आणि ग्रुप दुसऱ्याच प्रश्नाचे, असं झालं तर कितीही चांगलं स्टॅटिस्टिक्स लावा, उत्तर मिळणार नाही.

मॅचवाल्यांनी तीन थेरपी कशा निवडल्या

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅच. तिथल्या एनआयएएए या सरकारी संस्थेने १९८९ मध्ये सुरू केली, १७२६ पेशंट, त्यातले ९५२ थेट ओपीडीतले आणि ७७४ ॲडमिशन किंवा डे हॉस्पिटल संपवून आलेले. प्रश्न तिसऱ्या प्रकारचा होता, कुणाला काय लागू पडतं. मग थेरपी निवडताना त्यांनी निकष ठरवले आणि ते छापले सुद्धा. थेरपीच्या उपयोगाचा काही पुरावा आधीपासून आहे का, चालू उपचारव्यवस्थेत ती बसेल का, वेगवेगळ्या पेशंटवर तिचा वेगवेगळा परिणाम दिसेल असं मानायला काही आधार आहे का, ती बाकीच्यांपासून खरंच वेगळी आहे का, आणि रिसर्चच्या चौकटीत ती राबवता येईल का.

यातून तीन उरल्या. सीबीटी, १२ सेशन. १२ पायऱ्यांची ओळख करून देऊन पेशंटला एएकडे (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे स्वमदत गट) नेणारी टीएसएफ, तिचीही १२ सेशन. आणि माणसाची स्वतःची इच्छा जागी करणारी एमईटी, फक्त ४ सेशन, पण तीही त्याच १२ आठवड्यांवर पसरलेली. टीएसएफला तोपर्यंत कंट्रोल्ड ट्रायलचा फारसा आधार नव्हता, तरी घेतली, कारण अमेरिकेतली बहुतेक सेंटर १२ पायऱ्यांवरच चालत होती आणि तिला वगळून निघालेलं उत्तर त्या सेंटरांच्या काहीच कामाचं नसतं. हा निर्णय मला फार पटतो. पुराव्याची यादी बघायचीच, पण लोकांना प्रत्यक्षात काय मिळतं तेही बघायचं. नंतर २०२० मध्ये वैद्यकीय पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या रिव्ह्यूने २७ स्टडी आणि १०,५६५ लोक धरून सांगितलं की मॅन्युअलप्रमाणे दिलेली टीएसएफ पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत सीबीटीसारख्या उपचारांपेक्षा सरस ठरते. पुरावा कमी म्हणून तेव्हा तिला बाहेर ठेवली असती तर हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती.

१९९७ मध्ये निकाल आले. तिन्ही ग्रुप पुष्कळ सुधारले आणि जवळपास सारखेच सुधारले. कुणाला काय लागू पडतं त्या मॅचिंगचं म्हणाल तर पेशंटच्या तपासलेल्या मुख्य गुणधर्मांपैकी पहिल्या लेखात एकच टिकला, ओपीडीतल्या ज्यांना बाकी मानसिक त्रास कमी होता त्यांचे दारूविना दिवस टीएसएफमध्ये सीबीटीपेक्षा जास्त भरले. आता यातून दोन अडचणी बघा ज्या थेट निवडीतून आल्या. एक, उपचार न मिळालेला ग्रुपच नव्हता, म्हणून सगळे सुधारले ते थेरपीमुळे, की इतक्या वेळा बोलावून इतके प्रश्न विचारल्यामुळे, की माणूस स्वतःच ठरवून आला होता म्हणून, हे त्या स्टडीतून सांगता येत नाही. त्यांचा प्रश्नच तो नव्हता, पण वाचणारे तोच प्रश्न विचारत राहिले. दोन, एमईटी वेगळी आणि तिचा डोसही वेगळा. ४ सेशनमध्ये १२ सेशनइतकं मिळालं ही मोठी गोष्ट आहे, पण फरक निघाला असता तर तो थेरपीचा की सेशनच्या संख्येचा ते सुटं करता आलं नसतं.

ब्रिटनच्या यूकेएटीटीमध्ये, ७४२ पेशंट, २००५ साली निकाल, ८ सेशनची नातेवाईक-मित्रांना सोबत घेऊन चालणारी थेरपी आणि ३ सेशनची एमईटी समोरासमोर होत्या. तिथेही परिणामात फरक नाही. पण त्यांनी खर्चाचा हिशोबही पहिल्यापासून ठेवला होता, म्हणून डोस वेगळा असणं हाच तिथे कामाचा भाग झाला. तुमच्या दोन थेरपींची सेशन सारखी नसतील तर ते मुद्दाम आहे का आणि त्यातून तुम्ही काय सांगणार आहात हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा.

समोरचा ग्रुप

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपली आवडती थेरपी सगळे मन लावून बांधतात आणि समोर कायतरी उभं करतात. "नेहमीचा उपचार" असं दोन शब्दांत लिहून सुटका करून घेऊ नका. तुमच्या वॉर्डात नेहमीचा उपचार म्हणजे नेमकं काय, आठवडा-दहा दिवस दारू सुटतानाचा त्रास आवरणारी लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड कमी करत आणणं, थायमिन (बी१ जीवनसत्त्व), डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना दोन शब्द सांगणं आणि डायसल्फिरामची (वर दारू प्यायली तर त्रास देणारी गोळी) चिठ्ठी, एवढंच असेल तर तेवढंच लिहा. एखाद्या सिस्टर स्वतःहून पेशंटशी अर्धा अर्धा तास बोलत असतील तर तेही लिहा, कारण तोही उपचार आहे. बरंच काही आधीच मिळत असेल तर तुमची थेरपी फिकी दिसेल आणि काहीच मिळत नसेल तर नुसती विचारपूस केली तरी ती जिंकेल.

विचारपुशीची ताकद किती असते ते अमेरिकेच्या कम्बाइन स्टडीत दिसलं. १३८३ पेशंट, ९ ग्रुप, २००६ साली निकाल. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही दारू सोडायला मदत करणारी औषधं आणि सीबीआय नावाची सविस्तर थेरपी यांची वेगवेगळी जुळणी होती, आणि गोळी मिळणाऱ्या प्रत्येकाला, अगदी खोटी गोळी मिळणाऱ्यालाही, डॉक्टर किंवा नर्ससोबत ठरावीक छोट्या भेटी होत्या. एका ग्रुपला मात्र गोळीच नाही, फक्त सीबीआय. तर खोटी गोळी आणि छोट्या भेटी मिळालेले लोक १६ आठवड्यांत सुमारे ७४ टक्के दिवस दारूविना राहिले आणि फक्त सीबीआयवाले सुमारे ६७ टक्के. तो नववा ग्रुप ठेवलाच नसता तर हे कळलंच नसतं. मला तरी हा एक ग्रुप सगळ्या स्टडीतला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं. काहीच उपचार न देणारा ग्रुप दारू डिपेंडन्समध्ये ठेवायला एथिक्स कमिटी सहसा परवानगी देणार नाही आणि देऊही नये, विथड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू अचानक सुटल्यावर, फिट येऊ शकते, डेलिरियममध्ये (भ्रम होऊन शुद्ध हरपते तेव्हा) माणूस जाऊ शकतो. डिटॉक्स, म्हणजे औषधं देऊन दारू सुरक्षित सोडवणं, सगळ्यांना सारखं, त्यात तडजोड नाही, आणि रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी ग्रुपची वाटणी, त्यानंतर. थेरपी काम करते का हा प्रश्न असेल तर समोर नीट ठरवून, लिहून काढलेला, थोडा सुधारलेला नेहमीचा उपचार ठेवा. गोव्याची प्रीमियम ट्रायल बघा. संगाथ या तिथल्या संस्थेच्या लोकांनी १० पीएचसीत ३७७ पुरुष घेतले, ऑडिट (पिण्याचा धोका मोजणारी प्रश्नावली) स्कोअर १२ ते १९ चे, म्हणजे पिणं धोक्याचं झालंय पण डिपेंडन्सपर्यंत बहुधा गेलेलं नाही असे. एका बाजूला सुधारलेला नेहमीचा उपचार, म्हणजे स्क्रीनिंगचा निकाल डॉक्टरांच्या हातात आणि सोबत डब्ल्यूएचओच्या गाईडलाईन. दुसऱ्या बाजूला तेच, अधिक कॅप नावाचं छोटं समुपदेशन, आणि ते देणारे लोक व्यावसायिक नव्हते, गावातलेच, शिकवून तयार केलेले. दोन्ही बाजूंत फरक फक्त समुपदेशनाचा. ३ महिन्यांनी रेमिशन, म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेले, ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. प्रश्न चौथ्या प्रकारचा होता, समोरचा ग्रुपही त्याच प्रश्नाला शोभणारा होता, म्हणून उत्तर स्वच्छ आलं.

दोन थेरपी खरंच वेगळ्या आहेत का ते तपासा

एक साधा तक्ता करा. डाव्या बाजूला सेशनमध्ये घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे पिण्याचे प्रसंग ओळखणं, "एकच घे" म्हणणाऱ्या मित्राला नाही म्हणायचा सराव, घरच्यांना सोबत घेणं, एए मीटिंगला पाठवणं, फायदे-तोटे बोलून काढणं, घरी करायचं काम, फीडबॅक. वर दोन्ही थेरपी. मग टिक करत जा. निम्म्याहून जास्त टिक दोन्हीकडे पडत असतील तर त्या दोघींची तुलना करण्यात अर्थ नाही, फरक निघणारच नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूने सुरू होणारी सीबीटी आणि एमईटी यांचं बऱ्याचदा असंच होतं.

भेसळ हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. बऱ्याच सेंटरमध्ये एएची मीटिंग आवारातच होते, मग सीबीटी ग्रुपमधला पेशंटही तिथे जाऊन बसतो, आणि त्याला अडवणं चूक आहे. मॅचमध्येही इतर ग्रुपमधले लोक एएला जात होतेच. उपाय एवढाच की सगळ्या ग्रुपमध्ये कोण किती मीटिंगला गेला ते दर भेटीला विचारून नोंदवायचं, आणि आवारातच मीटिंग चालत असेल तर टीएसएफ विरुद्ध दुसरं काही हा टॉपिक त्या जागी निवडायचाच नाही. वॉर्डात एकाच खोलीत शेजारी शेजारी राहिलेले दोन पेशंट डिस्चार्जनंतर वेगवेगळ्या ग्रुपमध्ये आले तर तेही आपापसात सगळं सांगतात, त्याचाही विचार करा.

थेरपी देणार कोण

एकाच थेरपिस्टने दोन्ही थेरपी दिल्या तर एकीतलं दुसरीत सांडतं, शिवाय त्याचा जीव जिच्यावर आहे ती जास्त चांगली दिली जाते. वेगवेगळ्या थेरपिस्टनी दिल्या तर निकाल थेरपीचा की माणसाचा हे कळत नाही. मॅचने दुसरा रस्ता घेतला, प्रत्येक थेरपिस्ट एकच थेरपी देणारा, तिघींची सविस्तर मॅन्युअल आणि सेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग. तुमच्याकडे एका बाजूला किमान दोन-तीन थेरपिस्ट नसतील तर थेरपी विरुद्ध थेरपी हा प्रश्न सोडून द्या असं मी स्पष्ट सांगेन. आणि एका बाजूला तुम्ही स्वतः, दुसऱ्या बाजूला नुकतीच आलेली इंटर्न, असली जुळणी तर अजिबात नको. दुसरी थेरपी शिकवायला तिच्यावर श्रद्धा असलेला, ती वर्षानुवर्षं देणारा माणूस बोलवा. टीएसएफ असेल तर एए जवळून ओळखणारा समुपदेशक, सीबीटी असेल तर तिचं रीतसर ट्रेनिंग झालेला.

औषध समोर असेल तर

डायसल्फिरामबद्दल वेगळं लिहायला हवं कारण आपल्याकडे ती सर्रास दिली जाते. ही गोळी काम करते ती मुख्यतः भीतीने, प्यायलो तर त्रास होईल हे माहीत असल्यामुळे. मग खोट्या गोळीसमोर झाकून, म्हणजे कुणाला कुठली गोळी ते कळू न देता (ब्लाइंडिंग), तुलना केली तर भीती दोन्ही ग्रुपमध्ये सारखीच पसरते आणि फरक गायब होतो. सगळ्या ट्रायल एकत्र करून बघितल्या तेव्हा नेमकं हेच दिसलं, उघड ट्रायलमध्ये फायदा, झाकलेल्यांमध्ये नाही. म्हणजे ब्लाइंडिंग इथे थेरपीचा गाभाच काढून घेतं. मुंबईत डिसूझांनी २००४ साली छापलेली स्टडी उघडच होती, १०० पुरुष, एक वर्ष, डायसल्फिराम विरुद्ध नाल्ट्रेक्सोन, आणि डायसल्फिराम बरीच पुढे राहिली. ती वाचताना लक्षात ठेवा की त्यात पेशंटसोबत गोळीवर लक्ष ठेवणारं घरचं माणूस होतं. तुमच्या पेशंटना तसं कुणी नसेल तर ते निकाल जसेच्या तसे उचलू नका. आणि घरचे लोक पेशंटला न सांगता जेवणात कालवून ही गोळी देतात, ते जिवावर बेतू शकतं, रिसर्चमध्ये तर त्याला जागाच नाही. स्क्रीनिंगच्या वेळीच घरच्यांना हे मोकळेपणाने विचारा.

मोजणार काय, ते थेरपीच्या ध्येयाशी जुळतं का

मॅचमध्ये मुख्य मोजमापं दोन होती, दारूविना दिवसांची टक्केवारी आणि पिण्याच्या दिवशीची दारू. त्यावर तिघी सारख्याच. पण ओपीडीतले पुढच्या वर्षभरात एकदाही न प्यायलेले किती हे बघितलं तर टीएसएफमध्ये सुमारे २४ टक्के आणि बाकी दोघींत १४-१५ टक्के. टीएसएफ पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद हेच सांगते, त्यामुळे त्या मापावर ती उजवी ठरणं साहजिक आहे. गोव्याच्या ट्रायलमध्येही मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के, पण जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक नाही. म्हणून मोजमाप एकाच थेरपीच्या बाजूने झुकलेलं नको, कमी पिणं आणि पूर्ण बंद दोन्ही मोजा, पण मुख्य कोणतं ते आधी जाहीर करा.

पिणं विचारताना लोकांच्या मापात विचारा आणि ग्रॅममध्ये तुम्ही बदला. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, क्वार्टर म्हणजे ६० च्या आसपास, ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे ४०. मागचे तीन महिने आठवून सांगायला लावायचे असतील तर कॅलेंडर समोर ठेवून पगार, बाजाराचा दिवस, पोळा, गणपती, भावकीतलं लग्न अशा खुणा लावा, मग लोकांना बरंच नीट आठवतं.

आता पेशंट मोजा

हिशोब सोपा आहे. दोन ग्रुपच्या अपेक्षित यशाची सरासरी काढा, ती आणि एकातून ती वजा केल्यावर उरतं ते यांचा गुणाकार, त्याला १६ ने गुणा, आणि फरकाच्या वर्गाने भागा. एका ग्रुपला लागणारे पेशंट मिळतात, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरून. नेहमीच्या उपचारात ३० टक्के आणि तुमच्या थेरपीत ५० टक्के सुधारतील असं मानलं तर एका बाजूला साधारण ९६. दोन चांगल्या थेरपी समोरासमोर, ४० विरुद्ध ४८ टक्के, तर एका बाजूला साधारण ६१६, आणि पाचातला एक गळेल असं धरलं तर ७७०. एमडीच्या थिसिसमध्ये हे होणं शक्य नाही. आणि ६० पेशंटवर फरक निघाला नाही म्हणून "दोन्ही थेरपी समान परिणामकारक" असं लिहिणं खोटं आहे, फरक दिसायला पुरेसे पेशंटच नव्हते एवढंच ते सांगतं. कुणाला काय लागू पडतं हा प्रश्न तर त्याहून महाग, मुख्य फरकाएवढाच इंटरॅक्शन, म्हणजे पेशंटच्या प्रकारानुसार बदलणारा परिणाम, पकडायचा झाला तरी साधारण चौपट पेशंट लागतात.

म्हणून एकट्याने थिसिस करणाऱ्याला माझा सल्ला असा. नेहमीचा उपचार विरुद्ध नेहमीचा उपचार अधिक एक छोटी थेरपी, ३ ते ४ सेशन, मॅन्युअल मराठीत. किंवा तुलनेच्या फंदात न पडता ती थेरपी आपल्याकडे देता येते का, किती जण पूर्ण करतात, कुठे अडतात, एवढीच फीजिबिलिटी स्टडी, आणि तिला फीजिबिलिटीच म्हणा.

शेवटची चाचपणी

निवडलेली थेरपी १०-१२ पेशंटवर आधी चालवून बघा. सीबीटीची डायरी लिहायला ज्यांना अक्षरओळख नाही ते काय करतात, डिटॉक्सनंतर पहिल्या आठवड्यात सांगितलेलं किती लक्षात राहतं, १२ सेशनसाठी तालुक्याहून किती जण परत येतात. बीडकडचे पेशंट असतील तर ऊसतोडीचा हंगाम बघून फॉलोअप आखा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघाल्या की मार्च-एप्रिलपर्यंत माणूस गावात नसतो, आणि लांब थेरपीचा ग्रुप त्यात जास्त गळतो, मग तुलना तिथेच वाकडी होते. दुसऱ्या बाजूच्या थेरपीवर विश्वास असलेल्या माणसाला तुमचा प्रोटोकॉल वाचायला द्या आणि विचारा, तुमची थेरपी इथे तुम्ही देता तशीच दिली जातेय असं वाटतं का. तो नाही म्हणाला तर बदला. बदल झाल्यावर एथिक्सची मंजुरी घ्या, सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) दोन्ही ग्रुपचं सविस्तर वर्णन आणि मुख्य मोजमाप टाकून रजिस्ट्रेशन करा, आणि नंबर हातात आल्यावरच पहिल्या पेशंटची सही घ्या.